रिआल्तोच्या भिंतीवरचा दगड आणि आपला मासळी बाजार

व्हेनिसचे फोटो टाकल्यापासून एकच प्रश्न येतोय, "गोंडोलात बसलात का?" नाही बसलो. भाडं ऐकल्यावर बायको म्हणाली, "खाडीत होड्या कमी आहेत का आपल्याकडे?" आणि मला पुढे ओढलं. पण तिथे एक गोष्ट बघितली, जिच्याबद्दल लिहीन म्हणता म्हणता राहून गेलं. पोस्ट लांब आहे. मासे खाणाऱ्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

मुलगी नोकरीसाठी जर्मनीत असते. गेल्या ऑक्टोबरमध्ये तिच्याकडे गेलो होतो, तिथून चार दिवस इटली. मुक्काम मेस्त्रेला, कारण व्हेनिसमधली हॉटेलं आपल्या खिशाला झेपणारी नाहीत. सकाळी ट्रेनने सांता लुचिया स्टेशन, तिथून गल्ल्याबोळ आणि पूल ओलांडत रिआल्तो. किनाऱ्यावरचा माणूस नव्या गावात गेला की आधी मासळी बाजार शोधतो. मीही तेच केलं.

पहिल्या दिवशी पोपट झाला. सोमवार होता. लाल कनाती खाली सोडलेल्या, ओटे कोरडे, चार सीगल फिरत होते. तिथला मासळी बाजार मंगळवार ते शनिवार सकाळीच भरतो. रविवार-सोमवार बंद. आपल्याकडे सोमवारी बाजार ओस पडतो तो खाणाऱ्यांच्या उपासामुळे; तिथे रविवारी होड्याच जात नाहीत, म्हणून सोमवारी मासळी नाही. दुसऱ्या दिवशी साडेसातला हजर झालो.

रिआल्तोचा बाजार जुना म्हणजे किती जुना? शहराचा बाजार इथे आला ते साल १०९७ सांगतात. १५१४ च्या आगीत सगळा परिसर जळाला, पुन्हा उभा राहिला. जो दगडी पूल सगळ्यांच्या फोटोत असतो तो १५९१ मध्ये पुरा झाला. मासळीची इमारत, तिला पेस्केरिया म्हणतात, ती मात्र १९०७ ची. कमानी बघून पाचशे वर्षांची वाटते, कारण बांधणाऱ्यांनी मुद्दाम जुन्या धर्तीवर बांधली. खांबांच्या माथ्यावर मासे नि होड्या कोरल्या आहेत. शेजारी भाजीफळांचा बाजार, समोर मोठा कालवा. माल होडीने येतो आणि थेट ओट्यावर चढतो.

आता मासळी. बर्फावर मांडलेली म्हाकूळ, स्वतःच्या शाईत काळी झालेली. तारली, वाम, तिसऱ्या, जिताड्यासारखा दिसणारा एक मासा, त्याला ते ब्रांझिनो म्हणतात. त्यांच्या खाडीतली बोटाच्या पेराएवढी करडी कोळंबी. बायको प्रत्येक ओट्यापाशी थांबून "ही आपली अमुक, ही आपली तमुक" करत होती आणि विकणारा मान डोलवत होता. भाषा कोणालाच कळत नव्हती, मासे सगळ्यांना कळत होते.

प्रत्येक ढिगात एक पाटी खोचलेली. तिच्यावर भाव असतोच, पण माशाचं शास्त्रीय नाव, तो समुद्रात पकडलेला की शेतीतला, आणि कुठल्या समुद्रातला हेही लिहिलेलं. समुद्राला नंबर आहेत. ३७.२.१ म्हणजे एड्रियाटिक, म्हणजे त्यांचा घरचा समुद्र. युरोपात हे लिहिणं सक्तीचं आहे. गिऱ्हाईक चष्मा वर करून ते वाचतं आणि मग बोट दाखवतं.

आणि भिंतीवर तो दगड. पांढरा संगमरवर, त्यात कोरलेली अक्षरं: विक्रीसाठी माशांची किमान लांबी. खाली यादी. तारली ७ सेंटिमीटर. ब्रांझिनो १२. वाम २५. कालव ५. शिणाणे ३. याहून लहान मासा विकायचा नाही. अशीच पाटी व्हेनिसमध्ये आणखी एक-दोन चौकांत आहे, जिथे पूर्वी मासे विकायला बसायचे. नावं इटालियनपेक्षा तिथल्या बोलीतली, म्हणजे जी कोळ्याला आणि गिऱ्हाइकाला तोंडपाठ, तीच.

पाच मिनिटं बघत उभा राहिलो. कायदे आपल्याकडेही आहेत. पण कायदा बाजारात, माशांच्या ओट्याशेजारी, विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या दोघांच्या डोळ्यांसमोर लावलेला मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला.

तिथे ही जुनी रीतच दिसते. बाजाराला लागून सान जाकोमोचं छोटं चर्च आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर मध्ययुगातला लॅटिन लेख आहे. मतलब असा की, या देवळाच्या आसपास व्यापाऱ्याने न्यायाने वागावं, वजन खोटं असू नये, सौदा वाकडा असू नये. त्याच चौकात समोर सोळाव्या शतकातला एका वाकलेल्या माणसाचा पुतळा आहे, पाठीवर छोटा जिना पेलणारा. त्या जिन्याने वर चढून सरकारी माणूस नवे कायदे मोठ्याने वाचून दाखवायचा. जिथे व्यवहार होतो तिथेच नियम सांगायचा, कचेरीत नाही.

आता कौतुकाची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर "परदेशात जाऊन आला आणि भाषण द्यायला लागला" म्हणाल.

एक, त्या दगडावरचे आकडे आता शिळे झालेत. आज युरोपच्या नियमाप्रमाणे भूमध्य समुद्रातला ब्रांझिनो २५ सेंटिमीटरच्या आत चालत नाही, तारली ११ च्या आत चालत नाही. दगडावर अजून १२ आणि ७ आहेत. म्हणजे जो मासा दगड पास करतो तो आजचा कायदा नापास करतो. दगडात कोरलं की ते टिकतं हे खरं, पण बदलत नाही हेही खरं. आज तो दगड पर्यटकांच्या फोटोचा विषय आहे, खरा नियम ओट्यावर आणि बंदरात बघितला जातो.

दोन, बाजारच आटत चाललाय. अर्धेअधिक ओटे रिकामे होते. मी गेलो तेव्हा गर्दी होती, पण मोबाईल हातात धरलेली. पिशवी हातात धरलेली माणसं मोजकी, तीही म्हातारी. एका विक्रेत्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, "फोटो, फोटो, फोटो. मासा नाही." त्याचं काय चुकलं? मीही त्यातलाच. हॉटेलच्या खोलीत मासा घेऊन जाऊन करू काय? पुलाच्या पलीकडे एका औषधाच्या दुकानाच्या काचेत आकडा लावलेला असतो, शहरात आज किती लोक राहतात त्याचा. १९५१ साली पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं जुन्या व्हेनिसमध्ये राहत होती. २०२२ मध्ये तो आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. घरं पर्यटकांना भाड्याने गेली, माणसं मेस्त्रेला गेली. २०२४ पासून काही ठरावीक दिवशी दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून प्रवेश शुल्क घेतात; २०२४ मध्ये ते पाच युरो होतं. पण शुल्क देऊन आलेला माणूस संध्याकाळी घरी तारली तळत नाही.

म्हणजे तिथे फलक आहे, गिऱ्हाईक नाही. आपल्याकडे गिऱ्हाईक आहे, फलक नाही.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी आपल्या बाजारात गेलो. ओट्यावर पापलेटं होती. पापलेट म्हणजे काय, तळहातावर दोन मावतील एवढी. वाटा लावलेला. नेहमीच्या मावशींना म्हटलं, "मावशी, एवढीशी कशाला आणता? अजून अंडी घालायच्या वयाची पण नाहीत ही."

मावशी म्हणाल्या, "भाऊ, मोठ्याचा भाव सांगितला की तुम्ही पुढच्या ओट्यावर जाता. ही घेता. तुम्ही घेता म्हणून आम्ही आणतो."

गप्प बसलो. गेल्या वर्षी मीच त्यांच्याकडून असा वाटा घेतला होता. रव्यात घोळून कुरकुरीत होतात म्हणून.

आता आपल्याकडची कागदावरची परिस्थिती बघा. सागरी मासेमारीचा कायदा १९८१ पासून आहे, २०२१ मध्ये तो सुधारला. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै बंदी असते, ती सगळ्यांना माहीत आहे, कारण ती डोळ्यांना दिसते: होड्या वर ओढलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेची वाट बघतात. २०२३ मध्ये पापलेट हा राज्यमासा झाला. त्याच वर्षी सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, त्याहून लहान मासा पकडायचा नाही. अभ्यास करून केलेला, चांगला निर्णय. लहान मासे मारू नका ही मागणी कित्येक वर्षं मच्छीमारांमधूनच होत होती.

आता हात वर करा. यातला एका तरी माशाचा आकार तुम्हाला माहीत आहे का? मला माहीत नव्हता. मावशींनाही नव्हता. मग त्या नियमाचा बाजारात उपयोग काय? तो शासन निर्णयात आहे, पीडीएफमध्ये आहे, आणि मासा ओट्यावर आहे. दोघांची गाठच पडत नाही.

काही जण म्हणतील, सरळ बारीक मासा खाणंच बंद करा. तसं नाही चालत. मांदेली मोठी झाली तरी मांदेलीच राहते. जवळा, तारली ही मुळातच लहान, ती खायलाच हवीत, गरिबाच्या ताटातली आहेत. प्रश्न आहे तो मोठ्या होणाऱ्या जातीच्या पिल्लांचा: पापलेट, सुरमई, हलवा. कुठलं लहान मूळचं लहान आणि कुठलं लहान म्हणजे पिल्लू, हे सामान्य गिऱ्हाइकाला ओळखता येत नाही. म्हणूनच जातीप्रमाणे आकडा लागतो आणि तो समोर दिसावा लागतो. रिआल्तोच्या दगडावर तारली ७ आणि वाम २५ असं वेगवेगळं लिहिलंय ते उगीच नाही.

दुसरा आक्षेप: टोपली घेऊन बसणाऱ्या बाईलाच का पकडता, बारीक आसाची जाळी लावणाऱ्यांना आणि मोठ्या बोटींना पकडा. शंभर टक्के मान्य. पहिली तपासणी बंदरात आणि जाळ्याची व्हायला हवी. पावती फाडायला बाजारात येणारा आणि बंदरात डोळे मिटणारा कारभार मलाही नको. माझी मागणी ओट्यावरच्या बाईला दंड करण्याची नाहीच. मागणी आहे गिऱ्हाइकाला शहाणं करण्याची. मावशी बरोबर बोलल्या, आपण घेतो म्हणून ते येतं.

तर करायचं काय? आपल्या मासळी बाजाराच्या दारात एक फलक लावा. दगड नको, साधा पत्र्याचा चालेल, म्हणजे आकडे बदलले की रंगवून घेता येईल. त्यावर आपल्या बाजारात येणाऱ्या मुख्य दहा-बारा माशांची चित्रं, किमान आकाराएवढीच मोठी काढलेली. मासा चित्रावर धरला की कळलं, वाचता येत नसलं तरी. नावं आपली लिहा: पापलेटाला सरंगाही लिहा, सुरमईला इसवण. खाली मत्स्यव्यवसाय विभागाच्या तक्रारीचा नंबर. खर्च किती येईल? बाजाराच्या कमानीवर शुभेच्छांचे जे बॅनर दर महिन्याला चढतात, त्यातल्या दोन-तीन बॅनरांएवढा.

हा अर्ज मी येत्या सोमवारी नगरपालिकेत आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयात देतोय. सही करायला कोणाला यायचं असेल तर कमेंटमध्ये नाव लिहा, सकाळी अकराला भेटू. मच्छीमार सोसायटीतल्या मंडळींनी जरूर यावं. चित्रं कुठली काढायची ते आमच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं, आणि माझं कुठे चुकत असेल तर तेही तुम्हीच सांगाल.

तोपर्यंत तळहाताएवढं पापलेट मी घेणार नाही. घरात सांगून ठेवलंय. बायको म्हणाली, "मग बांगडे आण, पण ताजे आण." रविवारी बांगडे आणले. मावशींनी एक जास्तीचा घातला आणि विचारलं, "पाटी कधी लागते तुमची?"