‘माझी नार्को टेस्ट करा’: त्या इंजेक्शनमधून खरंच सत्य बाहेर येतं का?

नोव्हेंबर २०२५. जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाचं आंदोलन उभं करणारे मनोज जरांगे पाटील यांनी माजी मंत्री धनंजय मुंडे यांच्यावर आपल्या हत्येचा कट रचल्याचा आरोप केला. मुंडे यांनी तो फेटाळला, सीबीआय चौकशीची मागणी केली आणि नार्को टेस्टची तयारी दाखवली. जरांगे यांनीही आपण टेस्टला तयार असल्याचं सांगितलं.

दोघेही तयार, मग टेस्ट झाली की सत्य समोर येणार? इतकं सोपं नाही.

हे औषध नेमकं काय आहे?

नार्को टेस्टसाठी ओळखलं जाणारं औषध म्हणजे सोडियम थायोपेंटोन, म्हणजेच ‘पेंटोथाल’. मुळात हे भुलीचं औषध. १९३४ पासून ते ऑपरेशन थिएटरमध्ये वापरात आहे. शिरेतून दिल्यावर अर्ध्या-पाऊण मिनिटात रुग्ण बेशुद्ध होतो आणि एका डोसचा असर साधारण ५ ते १० मिनिटांत ओसरतो. आता बहुतेक ठिकाणी त्याची जागा प्रोपोफॉलने घेतली आहे.

नार्को टेस्टमध्ये ते हळूहळू, बेताने दिलं जातं. माणूस अर्धवट गुंगीत राहतो आणि त्याला प्रश्न विचारले जातात. डोस जास्त झाला तर श्वास मंदावू शकतो, म्हणून भूलतज्ज्ञ हजर असावाच लागतो.

मग खरं बोललं जातं का?

गुंगीत संकोच कमी होतो, बोलणं वाढतं. पण बोलणं म्हणजे खरं बोलणं नव्हे. अशा अवस्थेत माणूस कल्पना आणि आठवण यांची सरमिसळ करतो, प्रश्नातच सुचवलेलं उत्तर देतो आणि काही जण खोटंही बोलू शकतात.

कायदा काय सांगतो?

तेलगी मुद्रांक घोटाळ्यात २००३ मध्ये झालेल्या नार्को टेस्टमुळे हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. ५ मे २०१० रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की संमतीशिवाय अशी टेस्ट करता येणार नाही. ते राज्यघटनेच्या कलम २०(३) आणि कलम २१ चं उल्लंघन ठरतं. संमतीही दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवावी लागते.

स्वेच्छेने टेस्ट दिली तरी गुंगीतलं बोलणं थेट पुरावा ठरत नाही. त्यातून पुढे एखादी वस्तू किंवा माहिती हाती लागली, तर ती पुरावा म्हणून ग्राह्य धरता येते. जून २०२५ मध्ये ‘अमलेश कुमार विरुद्ध बिहार राज्य’ खटल्यात न्यायालयाने आणखी दोन गोष्टी सांगितल्या: आरोपीला टेस्ट मागण्याचा निर्विवाद हक्क नाही आणि केवळ तिच्या अहवालावर कोणालाही दोषी ठरवता येत नाही.

जालन्याच्या प्रकरणात याचा अर्थ काय?

‘मी तयार आहे’ या वाक्याला राजकारणात वजन आहे, कोर्टात फारसं नाही. टेस्ट देणारा आपोआप खरा ठरत नाही आणि नकार देणारा खोटा ठरत नाही. हत्येच्या कटाचा आरोप गंभीर आहे. तो सिद्ध व्हायचा असो वा खोटा ठरायचा असो, फोनचे तपशील, पैशांचे व्यवहार आणि साक्षीदार हेच कामाला येतील. भुलीचं इंजेक्शन तपासाची जागा घेऊ शकत नाही.