सांभाळणारीचे मूल आणि पगाराचा हिशेब

पणजी, पर्वरी, मडगाव, वास्को या शहरांत पती-पत्नी दोघेही नोकरीला जाणारी घरे वाढली, तसे घरी येऊन मूल सांभाळणाऱ्या बाईवरचे अवलंबनही वाढले. या बायांपैकी अनेक जणी स्वतः लेकुरवाळ्या असतात. उत्तर कर्नाटकातून किंवा त्याहून दूरच्या राज्यांतून आलेल्या बाईला येथे सासर नसते, माहेरही नसते. साहजिकच काम ठरवताना तिचा पहिला प्रश्न असतो : माझ्या मुलाला सोबत आणले तर चालेल का? अनेक घरे होकार देतात. पण त्या होकाराची किंमत पगारातून वसूल केली जाते. ही कपात कितपत न्याय्य, हा विचार सहसा होत नाही.

मालकिणीची बाजू निराधार नाही. पूर्ण लक्ष आपल्या बाळावर राहावे म्हणून ती पैसे मोजते. दोन मुले एकाच वेळी रडू लागली तर आई आधी कोणाकडे धावेल, ही तिची शंका स्वाभाविक आहे. दुसरे मूल घरात जेवणार, खेळणार, कधी आजारीही पडणार. उलट बाईचा पाळणाघराचा खर्च वाचतो, ही सवलतच नव्हे का, असाही युक्तिवाद होतो.

मात्र सवलत आणि मजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मजुरी कामाची असते. ते काम किती घटले, हे पाहूनच कपात ठरायला हवी. समजा, आठ तासांच्या कामाचा दर महिना १५ हजार रुपये ठरला आणि मूल सोबत येते म्हणून १० हजारच देऊ केले. कपात एक तृतीयांश झाली. म्हणजे बाई रोज दोन तास चाळीस मिनिटे काहीच काम करत नाही, असे गृहीत धरले गेले. प्रत्यक्षात स्वतःच्या मुलासाठी तिचा तासभर खर्ची पडत असेल, तर त्याचा हिशेब १,८७५ रुपयांवर थांबतो. बाळे झोपलेली असताना किंवा एकत्र खेळत असताना तर कामात काहीच घट होत नाही.

संघटित क्षेत्रात हा प्रश्न कायद्याने कसा सोडवला, ते येथे उपयोगी ठरते. मातृत्व लाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत स्तनपानासाठी दिवसातून दोन विश्रांती दिल्या, त्याही नेहमीच्या विश्रांतीखेरीज आणि पगार न कापता. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा दिली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी कायम आहेत. कार्यालयात नोकरी करणाऱ्या आईला जे हक्काने मिळते, तेच तिच्या घरी राबणाऱ्या आईच्या पगारातून कापले जावे, ही विसंगती डोळ्यांआड करता येत नाही.

घरकामाला कायद्याचे छत्र अपुरेच आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात घरकाम मूळ अनुसूचीत नव्हते. त्याचा समावेश करायचा की नाही, हे राज्यांवर सोडले गेले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार स्वीकारला. वस्तुरूपातील मोबदला मर्यादित प्रमाणात आणि वाजवी किमतीनेच धरावा, असे तो सांगतो. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायदेशीर चौकटीचा विचार करण्यास समिती नेमण्याचे निर्देश केंद्राला दिले. तोपर्यंत न्याय घरोघरच्या बोलीवर अवलंबून आहे.

ती बोली नीट व्हावी यासाठी क्रम महत्त्वाचा. बाई एकटी आली असती तर काय दर दिला असता, तो आधी ठरवावा. मुलाचा विषय त्यानंतर काढावा. कपात करायचीच असेल तर कशाची, हे स्पष्ट असावे. मुलाच्या जेवणाचा खर्च घराने सोसायचा की बाईने डबा आणायचा. मूल आजारी पडल्यास सुटी भरपगारी की बिनपगारी. मूल शाळेत जाऊ लागल्यावर कपात आपोआप थांबणार का. हे सारे कागदावर आले की वाद टळतात. महिनाभराच्या अनुभवानंतर दराचा फेरविचारही व्हावा. आपले मूल डोळ्यांसमोर असलेली बाई निश्चिंत मनाने काम करते आणि टिकून राहते. या लाभाचीही त्या हिशेबात नोंद हवी.

सारा भार दोन कुटुंबांवर टाकून शासनालाही मोकळे होता येणार नाही. अंगणवाडी अर्ध्या दिवसात सुटते, बाईचे काम संध्याकाळपर्यंत चालते. वस्तीजवळ दिवसभराचे, परवडणारे पाळणाघर मिळाले, तर मूल सोबत आणणे ही तिची अगतिकता न राहता निवड ठरेल. निवडीचा मार्ग मोकळा असेल, तरच पगाराची बोली बरोबरीच्या नात्याने होऊ शकते.