‘कारी’ने उडी का घेतली नाही?



चित्रांचे पुस्तक म्हणजे पोरखेळ, असे समजून ते बाजूस सारण्याची आपली रीत आहे. परंतु २००८ साली प्रसिद्ध झालेली अमृता पाटील यांची ‘कारी’ ही इंग्रजी चित्र-कादंबरी प्रत्येक आईबापाने समजून घ्यावी अशी आहे.

कारी आणि रूथ या दोन तरुणींचे परस्परांवर प्रेम आहे. कथेच्या आरंभीच दोघी उंच इमारतींवरून उड्या टाकतात. रूथ जाळ्यात अडकून वाचते व शहर सोडून जाते. कारी गटारात पडते आणि त्या घाण पाण्यामुळेच जगते. पुढे मुंबईची आठवण करून देणाऱ्या त्या धुरकट महानगरात ती जाहिरातीच्या कचेरीत राबते, कर्करोगाने मरणपंथास लागलेल्या एका स्त्रीची सोबत करते, केस कापून टाकते. अखेरीस ती पुन्हा कठड्यावर उभी राहते. परंतु या वेळी उडी घेत नाही. रूथवरील तिचे प्रेम आटलेले नसते. मात्र कोणासाठीही जीव द्यावयाचा नाही, असा तिचा निर्धार झालेला असतो. आपण जशा आहोत तशा जगण्यास पात्र आहोत, हे तिला उमगलेले असते.

कोणी म्हणतील, हे परदेशी खूळ आहे. मग इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंडसंहितेचे ३७७वे कलम कोणत्या देशीचे होते? हे पुस्तक निघाले तेव्हा ते अंमलात होते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना त्यातून मुक्त केले. त्या निकालाचा एक आधार होता सांविधानिक नीती. ही नीती उपजत नसते, ती अंगी बाणवावी लागते, असे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बजावले होते. २०२३ साली मात्र त्याच न्यायालयाने अशा जोडप्यांच्या विवाहास मान्यता देण्याचे नाकारले. म्हणजे लढा संपलेला नाही.

परंतु न्यायालयाचा निकाल घराच्या उंबरठ्यापाशी थांबतो. आपली मुलगी उद्या असेच काही सांगू लागली, तर ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न आपण तिच्यापुढे टाकणार काय? याच प्रश्नाच्या धाकाने आपल्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालावयास लावले. ज्यांनी तो धाक झुगारला, त्यांनी तो आपल्याच लेकीवर घालू नये. तिचे बोलणे शांतपणे ऐकून घ्यावे आणि हे घर तुझेच आहे, असे तिला सांगावे. कठड्यापर्यंत जाण्याची पाळी तिच्यावर येऊच नये.