तोंडी सबमिशन

सबमिशन म्हटलं की आपल्याला काय आठवतं? जर्नल, शीट्स, रात्री दोन वाजता मारलेली जीटी आणि सकाळी सरांच्या केबिनबाहेर सहीसाठी लागलेली रांग. तोंडी सबमिशन म्हणजे तर ओरलच! पण मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये, म्हणजे एमएमएमध्ये, सबमिशन म्हणजे शरणागती. आणि तोंडी शरणागती हा तिथला रीतसर नियम आहे. आज त्याच्याबद्दलच लिहितोय. (शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं सबमिशन संपादकांकडे!)

2000-01 च्या सुमारास अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये या खेळाचे एकत्रित नियम तयार झाले. त्यानुसार हार मानायची असेल तर खेळाडूने हाताने किंवा पायाने थोपटायचं. यालाच टॅप म्हणतात. हात अडकले असतील तर तोंडाने सांगायचं. गंमत म्हणजे शब्दच हवेत असंही नाही. वेदनेने किंकाळी फोडली तरी ती शरणागती धरली जाते आणि रेफरी लढत थांबवतो. नंतर ‘मी नुसता ओरडलो’ म्हणून उपयोग नाही.

आमच्या विंगमध्ये यावर कडाक्याचं भांडण होतं. ‘दुखलं की माणूस ओरडणारच, म्हणून काय हरला?’ असं बहुतेकांचं मत. खरं सांगतो, गेल्या सेमिस्टरपर्यंत माझंही तेच होतं.

पण जरा इंजिनिअरसारखा विचार करा. आर्मबारमध्ये समोरच्याचा हात सरळ ताणून मनगट छातीशी धरतात आणि खालून कंबर वर ढकलतात. म्हणजे चक्क तरफ! एकीकडे अख्ख्या अंगाचा जोर, दुसरीकडे एकटं कोपर. दुखायला लागणं आणि हाड मोडणं यात कधीकधी क्षणाचंही अंतर नसतं. त्यात खेळाडूच्या तोंडात माऊथगार्ड, प्रेक्षकांचा गोंगाट, आणि दोघांची भाषा वेगळी. अशा वेळी रेफरी स्पष्ट वाक्याची वाट बघत बसला तर झालंच! गळा आवळला असेल तर आवाजच फुटत नाही. मानेतल्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर दहाएक सेकंदांत शुद्ध जाते. तिथे रेफरीचे डोळे हाच काय तो आधार.

जून 2004 ची फ्रँक मीर विरुद्ध टिम सिल्व्हिया ही लढत बघा. मीरने आर्मबार लावला आणि रेफरी हर्ब डीनने पहिल्याच मिनिटात लढत थांबवली. सिल्व्हियाने टॅप केला नव्हता. मला काही झालेलं नाही म्हणून तो भांडत होता, प्रेक्षक हुर्यो उडवत होते. मग रिप्ले दाखवला. हात कोपराखाली मोडताना स्वच्छ दिसत होता! तोच सिल्व्हिया 2006 मध्ये पुन्हा हेवीवेट चॅम्पियन झाला.

रेफरी चुकतात हेही खरं. 2019 मध्ये याच डीनने बेन आस्क्रेनच्या पकडीत सापडलेल्या रॉबी लॉलरचा हात लटकलेला बघून तो बेशुद्ध पडला असं मानलं आणि लढत थांबवली. लॉलर ताबडतोब उठून उभा राहिला! निकाल मात्र बदलला नाही. त्याच्यावर अन्याय झाला असं मलाही वाटतं. उलट 2020 मध्ये जस्टिन गेथजीने खबीबच्या पकडीत टॅप केला, तो रेफरीला दिसला नाही आणि गेथजी बेशुद्ध झाला. 2002 मध्ये तर मुरिलो बुस्तामान्तेच्या आर्मबारमध्ये मॅट लिंडलंडने टॅप केला म्हणून रेफरीने लढत थांबवली, लिंडलंड ‘टॅप केलाच नाही’ म्हणाला आणि लढत पुन्हा सुरू झाली! बुस्तामान्तेला तीच लढत दुसऱ्यांदा जिंकावी लागली.

म्हणजे चूक दोन्हीकडे होऊ शकते. पण लवकर थांबवलं तर एक लढत जाते, उशिरा थांबवलं तर हात जातो. लढत पुन्हा ठेवता येते. म्हणून शंका आली की थांबवण्याचा अधिकार रेफरीकडेच हवा असं माझं मत आहे. खेळाडूला विचारून उपयोग नाही, कारण हरायला आलेला कोणीच नसतो.

आता माझं मत का बदललं ते. गेल्या सेमिस्टरला मेसमधून आल्यावर दोन गाद्या अंथरून आम्ही हेच प्रकार करून बघत होतो. मी रूम पार्टनरला आर्मबार लावला. तो हसत हसत ‘अरे बास, बास’ म्हणाला. टॅप नाही केला ना, म्हणून मी अजून थोडं ताणलं. मग तो ओरडला. तेव्हा सोडलं, पण उशीर झाला होता. तीन आठवडे त्याचा हात गळ्यात होता आणि त्याच्या शीट्स मी काढत होतो. त्याने एका शब्दाने मला दोष दिला नाही. रेक्टरांना ‘जिन्यावरून पडलो’ म्हणून सांगितलं. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

पिंजऱ्यात निदान ऐकायला एक तिसरा माणूस असतो. आपल्या विंगमध्ये कोणी नसतो. फर्स्ट इयरचा पोरगा हसत हसत ‘बास ना’ म्हणतो तेव्हाही नसतो. तिथे पकड ज्याच्या हातात, त्यानेच रेफरी व्हायचं असतं. तो हसत म्हणाला की रडत, हे बघत बसू नका. आधी सोडा, मग विचारा. पटतंय का बघा!