रणगाडाभेदी अस्त्र आणि शेतकऱ्याची जमीन

पायदळाच्या शिपायाला स्वतः वाहून नेता येईल असे रणगाडाभेदी क्षेपणास्त्र भारतीय शास्त्रज्ञांनी घडविले. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याची चाचणी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, के. के. रेंजवर झाली. परदेशी स्पाइक क्षेपणास्त्रे विकत घेत राहण्यापेक्षा हा मार्ग निश्चितच श्रेयस्कर. समाजवाद्यांचा वाद स्वावलंबनाशी नाही. त्याची किंमत कोणी मोजायची, याविषयी आहे.

२०२० मध्ये या रेंजच्या विस्ताराच्या चर्चेने राहुरी, पारनेर आणि नगर तालुक्यांतील गावे हवालदिल झाली. मुळा धरणासाठी एकदा उठलेल्या कुटुंबांनी पुन्हा उठायचे काय? वाशीमच्या कार्यकर्त्याला हा प्रश्न परका वाटू नये. याच जिल्ह्यातील मालेगाव, मंगरूळपीर व कारंजा तालुक्यांतल्या जमिनी समृद्धी महामार्गात गेल्या. तेथे निदान खरेदीची बोलणी तरी झाली. संरक्षणाच्या नावाखाली तीही टाळता येतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे कलम ४० तातडीच्या प्रसंगी सामाजिक परिणामांची तपासणी वगळण्याची मुभा सरकारला देते. मात्र तेच कलम बजावते की, घ्यायची जमीन किमान आवश्यक तेवढीच असावी.

ती किमान जमीन किती, हे ग्रामसभेपुढे सिद्ध करण्याचे दायित्व सरकारचे आहे. सरहद्दीवरचा शिपाई बहुधा शेतकऱ्याच्याच घरातला असतो. त्याच्या हाती अस्त्र देताना त्याच्या बापाच्या पायाखालची जमीन काढून घेण्यात कसली आली देशभक्ती? हा सवाल वाशीमच्या गावागावांतून उठला पाहिजे.