रात्री दोनचा आवाज

मैत्रिणींनो, घरातले आवाज सगळ्यांत आधी कुणाला ऐकू येतात? आपल्यालाच की! कुकरची तिसरी शिट्टी, उतू जायला आलेलं दूध, टाकी भरत आली की बदलणारा पाण्याचा सूर... आपण दुसऱ्या खोलीत असलो तरी कान तिकडेच असतो. पण हीच बाई "घरात काहीतरी वेगळाच आवाज येतोय हो" म्हणाली, की "तुला भास होतात" हे उत्तर तयार.

आमच्या गल्लीतल्या एका सुनेचं गेल्या हिवाळ्यात असंच झालं. नवरा रात्रपाळीला, सासूबाईंना कमी ऐकू येतं, पदरात लहान मूल. रात्री बाथरूमच्या बाजूनं, पातेल्यात कुणी खडे हलवावेत तसा खडखडाट यायचा. चार-पाच मिनिटं चालायचा आणि आपोआप थांबायचा. पहाटे पुन्हा. उठून दिवा लावून बघावं, तर नळ बंद, फरशी कोरडी. आठवड्याभरात पोरीची झोप उडाली, घास उतरेना. मग शेजारणींनी आपापली अक्कल चालवली. कुणी जागेचा दोष म्हणालं, कुणी बाहेरची बाधा. सासूबाई तिला एका देवरुषाकडे घेऊन गेल्या. लिंबू, नारळ, वर दक्षिणा झाली आणि येत्या अमावस्येला 'उतरवायचं' ठरलं. ते कसं उतरवतात, हे विचारल्यावर पोरगी रडायलाच लागली.

भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला मारहाण करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. पण सासूबाईंना मी कायद्याचा धाक घातला नाही. त्या वाईट नाहीत, घाबरलेल्या होत्या. एवढंच म्हटलं, "मावशी, अमावस्येला अजून नऊ दिवस हायेत. एक रात्र मला तुमच्याकडं झोपू द्या."

वही, पेन्सिल आणि घड्याळ घेऊन गेले. (आमचे हे म्हणाले, "भूत भेटलं तर नमस्कार सांग.") पावणेदोनला आवाज सुरू झाला. खरं सांगते, क्षणभर माझ्याही अंगावर काटा आला. दार ढकललं, तर अंधारात वर लाल दिवा लागलेला. गिझरचा! थोड्या वेळात 'टक्' झालं, दिवा विझला आणि आवाजही थांबला. साडेचारला पुन्हा तेच. वेळा वहीत लिहिल्या आणि तिला शेजारी उभं करून दाखवल्या.

नवरा पाळीवरून आला की त्याला लगेच गरम पाणी लागतं, म्हणून बटण रात्रभर चालू राहायचं. पाणी निवलं की थर्मोस्टॅट आपोआप वीज चालू करतो, तापलं की बंद करतो. म्हणून आवाज मध्येच यायचा, मध्येच जायचा. दिवसा तो होतच असणार, पण मिक्सर, टीव्ही आणि रस्त्यावरच्या रिक्षांत ऐकतंय कोण?

आता खडखडाट कशाचा? तर आपल्या पाण्याचा. सोलापूरकरांना नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येण्याची वर्षानुवर्षांची सवय, त्यामुळे बोअरशिवाय भागलं नाही. आणि बोअरचं पाणी जड. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. असं पाणी तापलं की त्यातला विरघळलेला क्षार चुनखडीसारखा कॉइलवर बसतो. त्या थराखाली अडकलेलं पाणी जागच्या जागी उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि फुटतात. लाह्याच फुटतात म्हणा ना!

माझ्या माहेरी तांब्याचा बंब होता. पाणी तापत आलं की तो गुणगुणायला लागायचा आणि आवाज जाडाभरडा झाला की आई म्हणायची, "खार धरलाय, चिंच लावायला पाहिजे." तिला रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण आवाजावरून रोग ओळखायची. बंब गेला, गिझर आला आणि ही कानाची विद्या आपण 'मेकॅनिकचं काम' म्हणून सोडून दिली. मेकॅनिक तर दारातूनच विचारतो, "साहेब आहेत का?" आवाज ऐकलाय बाईनं, आणि माहिती द्यायची साहेबांनी!

त्या घरात मेकॅनिक आला तेव्हा मी सुनेलाच पुढं केलं. तिनं वही दाखवली. त्यानं गिझर उघडला, तर पांढऱ्या खपल्यांनी अर्धी पाटी भरली. पण खरा धक्का पुढेच होता. सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकून भिंत खराब होते, म्हणून पूर्वी कुणीतरी त्याचं तोंड बूच ठोकून बंद केलं होतं. बंबाचं तोंड उघडं असायचं. गिझर बंदिस्त. पाणी तापलं की फुगतं, दाब वाढतो, आणि तो दाब बाहेर पडायची वाट म्हणजे हा व्हॉल्व्ह. उद्या थर्मोस्टॅट बिघडला असता, तर टाकी फुटायला वेळ लागला नसता. 'बाधा' भिंतीवर टांगलेली होती, ती अशी. ठिबक सतत चालू असेल तर व्हॉल्व्ह बदलायचा, त्याचं तोंड दाबायचं नाही.

शिवाय सगळेच धोके आवाज करून येत नाहीत. गॅस गिझर बंद बाथरूममध्ये लावला, की कोंडलेल्या हवेत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना वास, ना रंग, ना आवाज. आंघोळीला गेलेलं माणूस बाहेरच येत नाही. तो गिझर बाथरूमबाहेर मोकळ्या हवेतच हवा. आणि विजेचा गिझर जड पाण्याच्या गावात वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्यावा. दिवाळीच्या साफसफाईत डबे घासतो, तेव्हाच हेही उरकावं. रात्रभर बटण चालू ठेवायची तर काहीच गरज नाही, १५ लिटरला वीसेक मिनिटं पुरतात.

सासूबाई अमावस्येला कुठंही गेल्या नाहीत. देवरुषाला दिलेले पैसे मात्र परत आले नाहीत, आणि तेवढ्यात गिझरची दोनदा साफसफाई झाली असती, हे त्या स्वतःच सांगतात.

मागच्या आठवड्यात पहाटे त्या सुनेचा फोन आला. म्हटलं, आता काय? तर म्हणाली, "काकू, नळातनं फुस्स-फुस्स आवाज आलाय. घाबरू नका, हवा हाय ती. पाणी सुटलंय, मोटर लावा लवकर!"