९७ टक्के अचूक, पण कशात?

‘सर, एआयमध्ये संशोधन करायचंय. लवकरात लवकर पुढे जायचं तर काय करावं लागेल?’ गेल्या दोन-तीन वर्षांत हा प्रश्न मला निवासी डॉक्टर विचारतात, इंटर्न विचारतात आणि ओपीडीत रक्तदाब मोजून घेता घेता बारावीतल्या मुलांचे आईवडीलही विचारतात. पूर्वी या जागी ‘अमेरिकेची परीक्षा देऊ का’ हा प्रश्न असे. विचारणाऱ्यांपैकी अनेकांनी कुठल्या तरी ऑनलाइन अभ्यासक्रमाचे पैसे आधीच भरलेले असतात. सहा आठवडे आणि शेवटी प्रमाणपत्र. ते मोबाइलवर दाखवूनच प्रश्न येतो.

माझ्या वयाच्या मंडळींना यातला ‘लवकरात लवकर’ खटकतो. मला खटकत नाही. तीन वर्षांची निवासी डॉक्टरकी, तिच्यातच थिसिस, रात्रपाळ्या आणि घरून लग्नाचा तगादा, एवढे सांभाळणाऱ्याने वेळेचा हिशेब विचारला तर बिघडले काय? शिवाय कृत्रिम बुद्धिमत्तेत लवकर पुढे जाता येते, हे खरेच आहे. २०१२ साली टोरांटो विद्यापीठातले ॲलेक्स क्रिझेव्हस्की आणि इल्या सुत्स्केव्हर हे दोन विद्यार्थी व त्यांचे गुरू जेफ्री हिंटन यांनी छायाचित्रातली वस्तू ओळखण्याच्या ‘इमेजनेट’ स्पर्धेत सगळ्यांना मागे टाकले. दुसऱ्या क्रमांकाच्या गटाच्या चुका २६ टक्क्यांवर होत्या, यांच्या १५ टक्क्यांच्या आसपास. यंत्रसामग्री म्हणाल तर व्हिडीओ गेमसाठी बाजारात मिळणारी दोन ग्राफिक्स कार्डे. जॉन जंपर यांची पीएचडी २०१७ची. प्रथिनाची त्रिमितीय घडण सांगणाऱ्या ‘अल्फाफोल्ड’साठी २०२४ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले, तेव्हा ते ३९ वर्षांचे होते. आमच्याकडे या वयात माणूस सुपरस्पेशालिटी संपवून दवाखान्यासाठी जागा शोधत असतो.

या कहाण्या सांगताना वेग तेवढा सांगितला जातो. तो कशाच्या पायावर उभा होता, ते राहून जाते. इमेजनेटमध्ये फेई-फेई ली यांच्या गटाने जमवलेली १ कोटी ४० लाखांहून अधिक छायाचित्रे होती आणि त्यांत काय दिसते हे नोंदवायला १६७ देशांतले सुमारे ४९ हजार लोक लागले. प्रथिनांच्या रचनांची सार्वजनिक पेढी १९७१ साली अवघ्या सात रचनांनिशी सुरू झाली. अल्फाफोल्डच्या हाती ती आली तेव्हा तिथे १ लाख ७० हजारांच्या आसपास रचना होत्या आणि त्यातल्या एकेकीसाठी प्रयोगशाळेत कुणी तरी महिनोन्महिने खपले होते. खुद्द जंपर मूळचे भौतिकशास्त्राचे. पीएचडीच्या आधीच काही वर्षे ते संगणकावर प्रथिनांच्या हालचालींचा अभ्यास करत होते. एआय त्यांनी नंतर उचलले. प्रथिन त्यांना आधीपासून माहीत होते.

माझे मत यावरूनच बनले आहे. एआयचे तंत्र जिद्दीच्या माणसाला दोन वर्षांत कामापुरते येते. ते ज्या विषयावर चालवायचे, त्याची जाण तेवढ्यात येत नाही. म्हणून लवकर पुढे जातो तो ज्याच्यापाशी ती जाण आधीच आहे, आणि जो ती तंत्राच्या नादात बाजूला टाकत नाही. माझे अभियंता मित्र यावर वाद घालतात. पुरेसा डेटा असला की विषय यंत्रच शिकते, असे त्यांचे म्हणणे. वैद्यकातला डेटा त्यांनी जवळून पाहिलेला नाही, एवढेच मी म्हणतो.

तंत्र मात्र शिकावेच लागते, आणि तिथे डॉक्टरांची पहिली अडचण गणिताची. आमच्यातल्या बहुतेकांनी अकरावीत जीवशास्त्र घेतले आणि गणिताला रामराम ठोकला. मॅट्रिक्स, संभाव्यता आणि डेरिव्हेटिव्ह एवढे तरी परत उघडावे लागेल. जोडीला पायथन ही संगणकाची भाषा. रोज तास-दीड तास दिला तर सहा-आठ महिन्यांचे काम आहे. त्यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. ज्याचा डेटा खुला आहे असा एखादा शोधनिबंध घ्यायचा आणि त्यात छापलेला आकडा स्वतःच्या हाताने काढून दाखवायचा.

पहिल्या खेपेला तो येत नाही. का येत नाही, हे शोधताना जे शिकायला मिळते ते कुठल्या प्रमाणपत्रात नसते. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१७ मध्ये छातीचे १,१२,१२० एक्स-रे खुले केले. ते ३०,८०५ रुग्णांचे आहेत, म्हणजे एकेका रुग्णाचे सरासरी तीन-चार. आता हे एक्स-रे पत्ते पिसावेत तसे पिसून काही शिकवणीला आणि काही परीक्षेला ठेवले, तर एकाच रुग्णाचे दोन एक्स-रे दोन्हीकडे जातात. यंत्राने आजार ओळखला की माणूस? दुसरे असे, की त्या एक्स-रेंवरची निदाने डॉक्टरांनी फिल्म पाहून लिहिलेली नाहीत. आधी लिहिलेले रिपोर्ट संगणकाने वाचून ती काढली. ‘न्यूमोनिया असू शकतो, तापाशी ताडून पाहा’ असे आपले रेडिओलॉजिस्ट लिहितात, तेव्हा त्यांच्या मनात काय असते हे वॉर्डात काम केलेल्याला कळते. संगणकाला ते एकतर ‘हो’ नाहीतर ‘नाही’.

याचे सगळ्यात बोलके उदाहरण २०१८चे आहे. जॉन झेक या तेव्हा शिकाऊ असलेल्या डॉक्टरने सहकाऱ्यांसह न्यूमोनिया ओळखणारे मॉडेल तपासले. ज्या रुग्णालयांच्या फिल्मवर ते शिकले तिथे ते उत्तम चाले, बाहेरच्या रुग्णालयात घसरे. शोधता शोधता कळले, की फिल्म कोणत्या रुग्णालयाची आहे हे यंत्र जवळजवळ शंभर टक्के ओळखू शकते. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयाच्या फिल्मपैकी सुमारे ३४ टक्क्यांत न्यूमोनिया होता, दुसरीकडे जेमतेम एक टक्क्यात. रुग्णालय ओळखले की निम्मे उत्तर हाती आले. डावी-उजवी बाजू कळावी म्हणून तंत्रज्ञ फिल्मच्या कोपऱ्यात धातूची खूण ठेवतो. यंत्राची नजर तिच्यावरही होती. छातीत हवा भरण्याच्या आजाराचेही तेच. ऑस्ट्रेलियातले रेडिओलॉजिस्ट ल्यूक ओकडेन-रेनर यांनी दाखवले, की अशा रुग्णांच्या अनेक फिल्ममध्ये हवा काढायची नळी आधीच घातलेली असते आणि यंत्र बऱ्याच अंशी नळी ओळखते. नळी घातलेल्या रुग्णाचे निदान वॉर्डबॉयही सांगेल! नळी नसलेला, कॅज्युअल्टीत धापा टाकत आलेला रुग्ण खरा महत्त्वाचा, आणि तिथेच यंत्राची कामगिरी बरीच खाली येत होती.

कोविडच्या वर्षी तर पूरच आला. केंब्रिजच्या पुढाकाराने २०२१ मध्ये झालेल्या एका आढाव्यात एक्स-रे आणि सीटी स्कॅनवरून कोविड ओळखणारे दोन हजारांहून अधिक निबंध चाळले गेले, निकषांना उतरलेले ६२ बारकाईने तपासले गेले. रुग्णासाठी वापरण्याजोगे त्यात एकही निघाले नाही. काहींनी तर कोविडचे रुग्ण म्हणून मोठी माणसे घेतली होती आणि तुलनेला एक ते पाच वर्षांची मुले. यंत्र कोविड शिकले नाही, मूल आणि मोठे माणूस यांतला फरक शिकले. बालरोग विभागात एक महिना काढलेल्या इंटर्नने त्या फिल्म उघडून पाहिल्या असत्या, तरी पाच मिनिटांत हे ध्यानात आले असते. उघडून पाहिल्याच नसाव्यात.

म्हणून माझ्याकडे कुणी आले, की मी संगणक बाजूला ठेवायला सांगतो आणि दोनशे फिल्म वहीत उतरवायला लावतो. उभ्याने काढली की खाटेवर पोर्टेबल मशीनने? नळ्या, पेसमेकर, गळ्यातला ताईत? वय? रिपोर्ट कुणी लिहिला, दिवसा की रात्री दोन वाजता? आणि दोन दिवस एक्स-रे तंत्रज्ञाशेजारी बसून यायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी बरेच जण कंटाळतात. जे टिकतात ते स्वतःच प्रश्न घेऊन येतात, आणि तो प्रश्न मला सुचला असता त्यापेक्षा बहुधा चांगला असतो.

आता शीर्षकातल्या आकड्याबद्दल. समजा, तपासणी शिबिरात शंभर माणसे आली आणि त्यातल्या तिघांना क्षयरोग आहे. कसलाही विचार न करता सगळ्यांना ‘नाही’ म्हणणारे यंत्र बनवले, तर ते ९७ टक्के अचूक! तिन्ही रुग्ण घरी गेले, खोकत राहिले, आणि आकडा तरीही झळकण्याजोगा. ‘तिघांपैकी किती सापडले आणि सापडलेल्यांत खोटे किती’ हे विचारायला डॉक्टर एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षात शिकतो, आणि संगणकासमोर बसला की नेमके विसरतो. वॉर्डात गुलाबी डोळ्यांचा, चालता-बोलता माणूस समोर असताना हिमोग्लोबिन तीन आले, तर आपण रक्त चढवत नाही, नमुना परत पाठवतो. फार चांगला आकडा आला, की नमुना असाच परत पाठवायचा. मी पाहिलेल्या मुलामुलींत झपाट्याने पुढे गेले ते गणितात सगळ्यांत हुशार होते असे नाही. स्वतःच्या निकालावर त्यांचा विश्वास उशिरा बसे.

दुसरे लागते ते माणसांचे. डोळ्याच्या पडद्याच्या फोटोवरून मधुमेहाचा परिणाम ओळखणारे गुगलचे संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात अभियंत्यांबरोबर डॉक्टर होते, फोटो अमेरिकेतले आणि भारतातल्या अरविंद, शंकर नेत्रालय, नारायण नेत्रालय या रुग्णालयांतले होते, आणि १ लाख २८ हजार फोटो ५४ नेत्रतज्ज्ञांनी तपासले होते, एकेक फोटो तीन ते सात वेळा. कारण तज्ज्ञांचे आपसात एकमत होत नाही. पुढे तेच तंत्र थायलंडच्या ११ दवाखान्यांत गेले, तेव्हा पाचातला एक फोटो यंत्राने ‘नीट नाही’ म्हणून परत केला. खोलीत पुरेसा अंधार नव्हता, इंटरनेट रखडत होते, रांग खोळंबत होती. गुगलच्या संशोधकांनी २०२० मध्ये हे सगळे मोकळेपणाने लिहिले. मला तो निबंध पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो, आणि तसा लिहायला महागडा संगणक लागत नाही. सरकारी रुग्णालयात बसून आपल्याला संशोधन जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांना मी हे सांगतो. अंधार नसलेली खोली, रखडणारे नेट आणि खोळंबलेली रांग, तिन्ही गोष्टी आपल्याकडे मुबलक आहेत.

प्रोग्राम लिहायला हल्ली चॅटबॉट मदत करतो, जरूर घ्यावी. त्याने लिहिलेले चुकले आहे हे ओळखण्याइतपत मात्र स्वतःला यावे. रुग्णाचा केसपेपर त्याच्या खिडकीत चिकटवू नये. आयसीएमआरची एआयविषयक नैतिक मार्गदर्शक तत्त्वे २०२३ पासून उपलब्ध आहेत, ती एक शनिवार काढून वाचावीत. आणि ‘तीन महिन्यांत निबंध, नावासकट’ अशी जाहिरात करणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नये. माझ्याकडे परीक्षणाला येणाऱ्या निबंधांत एकच खुला डेटा, त्यावर पाच तयार मॉडेल आणि शेवटी ९८ टक्के, असा मजकूर वारंवार असतो. पदोन्नतीसाठी निबंध मोजले जातात, वाचले जात नाहीत, तोवर तो येतच राहणार.

विद्यार्थ्यांना इतके सांगितल्यावर व्यवस्थेलाही दोन गोष्टी सांगायला हव्यात. निवासी डॉक्टरला आठवड्यातली एक दुपार वॉर्डातून मोकळी मिळाली पाहिजे; कागदावर नव्हे, प्रत्यक्षात. आणि प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाला नोंदी सांभाळणारा एक पूर्णवेळ माणूस हवा. आज आमच्याकडे निदान एका रजिस्टरमध्ये, फिल्म दुसऱ्या संगणकात आणि रुग्णाचे पुढे काय झाले हे बहुधा कुठेच नसते. अल्फाफोल्डला पन्नास वर्षांच्या नोंदी तयार मिळाल्या. आमच्या रुग्णालयात मागच्या पावसाळ्यातल्या डेंग्यूच्या नोंदी काढायच्या तर आधी रेकॉर्ड रूमच्या किल्लीचा अर्ज करावा लागतो.